ध्रुवावरच्या बर्फात न्यूट्रिनो ओळखला जातो तो कसा

आपले पत्र मिळाले. इंदूरजवळ सुखनिवासच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढवणारे वलय पाहून आल्यावर आपल्याला पडलेले तीन प्रश्न थोडक्यात असे आहेत: दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात आइसक्यूब ही एक घन किलोमीटरची दुर्बीण पुरण्याची गरज काय होती, तिथे जो निळा प्रकाश नोंदवला जातो तो न्यूट्रिनो या विद्युतभार नसलेल्या सूक्ष्म कणाचाच, आणि तोही दूरच्या दीर्घिकेतून आलेल्या न्यूट्रिनोचा, हे कशावरून, आणि २०२५ साली भूमध्य समुद्रातल्या प्रयोगाने कितीतरी अधिक ऊर्जेचा न्यूट्रिनो जाहीर केल्यावर बर्फातली दुर्बीण मागे पडली असे समजायचे का. यांपैकी दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि लोकप्रिय लेखांत बहुधा नेमका तोच गाळला जातो, म्हणून उत्तराचा मोठा भाग मी त्यालाच देणार आहे. मी स्वतः काही वर्षे अशा नोंदींतून म्यूऑनची, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्याच पण अधिक जड कणाची, दिशा आणि ऊर्जा काढण्याच्या कामात होतो. तेव्हा या उत्तरात त्या कामाचा कल दिसणारच, हे ध्यानात ठेवून वाचावे.

आधी आकाराबद्दल. इंडस-२ मध्ये इलेक्ट्रॉनची ऊर्जा २.५ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे २५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी नेली जाते. ज्या न्यूट्रिनोंसाठी ध्रुवावरची दुर्बीण बांधली त्यांची ऊर्जा टेरा आणि पेटा या मापांत सांगावी लागते. एक टेरा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे एक लाख कोटी, आणि एक पेटा म्हणजे त्याच्याही हजारपट. आपण पाहिलेल्या वलयातल्या इलेक्ट्रॉनच्या चार लाखपट ऊर्जा एकाच कणात. निसर्गात इतक्या ऊर्जेचे कण तयार होतात हे विश्वकिरणांमुळे, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर येऊन आदळणाऱ्या कणांमुळे, १९१२ नंतरच्या दशकांत हळूहळू कळत गेले, पण ते कोठे तयार होतात हे विश्वकिरण सांगत नाहीत, कारण ते विद्युतभारित असतात आणि वाटेतली चुंबकीय क्षेत्रे त्यांना इतकी वळणे देतात की पृथ्वीवर पोहोचताना मूळ दिशेचा पत्ता पुसला गेलेला असतो. गॅमा किरण सरळ येतात खरे, परंतु पेटा ऊर्जेचा गॅमा किरण अवकाशात सर्वत्र भरलेल्या मंद प्रारणाशी टक्करून नष्ट होतो आणि आपल्या आकाशगंगेपलीकडून तो फारसा येऊच शकत नाही. उरतो न्यूट्रिनो. त्याला भार नाही, वाटेत त्याला कोणी अडवत नाही, आणि नेमका हाच गुण तो पकडताना आड येतो.

१ टेरा ऊर्जेचा न्यूट्रिनो एक किलोमीटर जाडीच्या बर्फातून जाताना एखाद्या अणुकेंद्रकावर आदळण्याची शक्यता साधारण तीस लाखांत एक इतकी असते. ऊर्जा वाढते तशी ती शक्यताही वाढते, आणि १ पेटाला ती काही दहा हजारांत एक होते. पण ऊर्जा वाढते तसे येणारे न्यूट्रिनोच झपाट्याने कमी होत जातात, त्यामुळे या वाढीने फायदा होतो तो मर्यादितच. हा गुणाकार करून पाहिला की वर्षाला काही मोजके खगोलीय न्यूट्रिनो हाती लागावेत यासाठी अब्जावधी टन पारदर्शक पदार्थ लागतो, हे कागदावरच दिसते. इतका पारदर्शक पदार्थ कोणी कारखान्यात बनवू शकत नाही. खोल पाण्यात प्रकाशसंवेदक सोडून निसर्गाचेच पाणी शोधक म्हणून वापरावे ही कल्पना मॉस्को येथील मोइसेई मार्कोव्ह यांनी १९६० साली मांडली. हवाईजवळच्या समुद्रात ती प्रत्यक्षात आणण्याचा दीर्घ प्रयत्न १९९५ मध्ये सोडून द्यावा लागला. सायबेरियातील बैकाल सरोवरात आणि अंटार्क्टिकात मात्र ती रुजली.

आता प्रकाश कोठून येतो ते पाहू. न्यूट्रिनो स्वतः काहीही प्रकाश देत नाही. तो अणुकेंद्रकावर आदळला की त्या टकरीतून जे भारित कण उधळतात ते देतात. बर्फाचा अपवर्तनांक सुमारे १.३२ असल्यामुळे बर्फात प्रकाश निर्वाताच्या तुलनेत बऱ्याच कमी वेगाने चालतो, आणि जो भारित कण त्या मंदावलेल्या प्रकाशाहून वेगवान असतो त्याच्यामागे सुमारे ४१ अंशांच्या कोनात निळसर आणि अतिनील प्रकाशाचा शंकू पसरत जातो. हेच चेरेन्कोव्ह प्रारण. मार्गाच्या दर सेंटिमीटरला त्यातून काही शे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मिळतात. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसण्याजोगा नसतो, पण प्रकाशगुणक नळी एकेक फोटॉनही मोजू शकते.

नोंदींचे मुख्य प्रकार दोन. म्यूऑन जातीच्या न्यूट्रिनोच्या टकरीतून म्यूऑन बाहेर पडतो, आणि १ टेरा ऊर्जेचा म्यूऑन बर्फातून दोन-तीन किलोमीटर सरळ जातो. १०० टेराचा असेल तर दहा किलोमीटरांहूनही अधिक. शोधकात त्याची एक लांब रेघ उमटते, आणि तिच्यावरून दिशा एका अंशापेक्षा कमी चुकीने काढता येते. शिवाय टक्कर शोधकाच्या बाहेर, कित्येक किलोमीटर दूर झालेली असली तरी म्यूऑन आत येऊन पोहोचतो, त्यामुळे प्रत्यक्षात वापरात येणारा बर्फ एक घन किलोमीटरपेक्षा पुष्कळ मोठा ठरतो. इलेक्ट्रॉन जातीच्या न्यूट्रिनोच्या टकरीत सगळी ऊर्जा दहा-वीस मीटरांत सांडते आणि प्रकाशाचा जवळजवळ गोल फुगा दिसतो. फुग्याची दिशा दहा-पंधरा अंशांपर्यंत चुकू शकते, परंतु त्याची ऊर्जा रेघेपेक्षा फार चांगली मोजता येते, कारण रेघ काढणारा म्यूऑन आपल्या ऊर्जेचा बराच भाग शोधकाच्या अलीकडे किंवा पलीकडे खर्च करतो आणि तो भाग आपल्या हिशेबात येत नाही. टाऊ जातीच्या न्यूट्रिनोची गोष्ट निराळी व अवघड आहे; तिच्यात मी इथे शिरत नाही.

आइसक्यूब या दुर्बिणीचे साधन म्हणजे अशी प्रकाशगुणक नळी बसवलेले संवेदक. ध्रुवावरच्या अमुंडसन-स्कॉट संशोधन तळाजवळ ८६ छिद्रे गरम पाण्याच्या झोताने वितळवत जवळजवळ अडीच किलोमीटर खोल नेली, प्रत्येकात एक केबल सोडली, आणि प्रत्येक केबलवर १,४५० ते २,४५० मीटर या खोलीत ६० संवेदक बसवले. एकूण ५,१६०. बहुतेक केबल एकमेकींपासून १२५ मीटरवर आहेत आणि एका केबलवरचे संवेदक १७ मीटरवर. पहिली केबल जानेवारी २००५ मध्ये उतरली आणि शेवटची डिसेंबर २०१० मध्ये. काम फक्त तिथल्या उन्हाळ्यातच होऊ शकत होते. एकेक संवेदक म्हणजे फुटाहून थोड्या अधिक व्यासाचा जाड काचगोल, त्यात खाली तोंड करून बसवलेली दहा इंची प्रकाशगुणक नळी, आणि नळीतून आलेला विद्युतस्पंद जागच्या जागी अंकांत बदलणारे परिपथ. पाणी पुन्हा गोठले की गोल तिथे कायमचा अडकतो; दुरुस्ती नावाची गोष्ट उरत नाही. असे असूनही त्यांतले सुमारे ९८ टक्के अजून काम करत आहेत, आणि ज्याने कधी प्रयोगशाळेत दोनशे वाहिन्यांचा शोधक महिनाभर न बिघडता चालवण्याचा प्रयत्न केला असेल त्यालाच या आकड्याचे खरे मोल कळेल. सगळ्या संवेदकांची घड्याळे दोन-तीन नॅनोसेकंदांच्या आत जुळलेली असतात. प्रकाश निर्वातात एका नॅनोसेकंदात फूटभरच जातो, तेव्हा रेघेची दिशा काढणे म्हणजे मुळात कोणत्या संवेदकाला पहिला फोटॉन केव्हा लागला याच्या वेळापत्रकातून भूमिती सोडवणे होय.

एवढे झाले की काम संपले असे वाटू शकते. माझ्या मते खरे काम इथे सुरू होते, कारण या दुर्बिणीतला सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी माहितीचा भाग माणसाने बनवलेलाच नाही. तो भाग म्हणजे बर्फ.

बर्फाची पारदर्शकता गृहीत धरल्याची किंमत आइसक्यूबच्या आधीच्या अमांडा या प्रयोगाने चुकवली. १९९३-९४ च्या हंगामात त्यांनी पहिले संवेदक ८०० ते १,००० मीटर खोलीवर सोडले. तिथल्या बर्फात हवेचे सूक्ष्म बुडबुडे अजून शिल्लक होते, आणि प्रकाश त्यांच्यावरून इतका विखुरत होता की रेघ कोठून आली हे काढणे अशक्य झाले. त्यातून एक सुखद गोष्टही हाती आली: तो बर्फ प्रकाश विखुरत होता, पण शोषत मात्र अत्यंत कमी होता, प्रयोगशाळेतल्या मोजमापांवरून अपेक्षित होते त्यापेक्षाही कमी. अधिक खोल गेल्यावर, सुमारे १,४०० मीटरच्या खाली, वरच्या बर्फाच्या दाबामुळे हवेचे रेणू बर्फाच्या स्फटिकरचनेतच सामावले जातात आणि बुडबुडे नाहीसे होतात. आइसक्यूब १,४५० मीटरपासून सुरू होते त्याचे कारण हे.

खालचा बर्फही एकसारखा नाही. हजारो वर्षांच्या हिमवर्षावाबरोबर धूळ आणि ज्वालामुखींची राख थरांथरांनी साचलेली आहे, आणि २,००० मीटरच्या थोडे खाली हिमयुगातल्या धुळीचा एक जाड थर आहे ज्यात संवेदक जवळजवळ आंधळे होतात. स्वच्छ थरांत प्रकाश शोषला जाण्यापूर्वी शंभर ते दोनशे मीटर, काही ठिकाणी त्याहून अधिक जातो. परंतु त्याआधी, दर काही दशक मीटरांवर, त्याची दिशा विखुरलेली असते. ज्या छिद्रातून संवेदक उतरवला त्याच छिद्राचे पाणी पुन्हा गोठताना हवा मध्यभागी ढकलली जाते, त्यामुळे प्रत्येक केबलच्या भोवती बुडबुड्यांचा एक बारीक गढूळ स्तंभ उरतो, आणि तो नेमका संवेदकाच्या दृष्टीसमोर येतो. यांहून चमत्कारिक बाब अशी की प्रकाशाचे वहन सर्व दिशांना सारखे नाही. बर्फाचा प्रचंड थर ध्रुवापाशी वर्षाला सुमारे दहा मीटर सरकतो आणि प्रकाश त्या सरकण्याच्या दिशेत अधिक चांगला जातो. कित्येक वर्षे हे फक्त आकड्यांनी सांभाळून घेतले जात होते. दाबाखाली वाहताना बर्फाचे स्फटिक ठरावीक रीतीने रांगेला लागतात आणि त्यांच्या सीमांवर प्रकाश किंचित वळत राहतो, हे स्पष्टीकरण बरेच नंतर मिळाले.

हे सगळे कळले कसे, तर प्रत्येक संवेदकात बसवलेल्या बारा प्रकाश-डायोडांमुळे. ठरलेल्या क्षणी एका संवेदकातून प्रकाश सोडायचा, आजूबाजूच्या शेकडो संवेदकांना तो केव्हा आणि किती पोहोचला ते नोंदवायचे, आणि त्यावरून मधल्या बर्फाचा नकाशा तयार करायचा. जुन्या नोंदींवर दहा वर्षांनी पुन्हा काम करून अधिक नेमकी दिशा काढली गेली, असे आपण बातम्यांत वाचता तेव्हा बहुधा संवेदक बदललेले नसतात; बर्फाचा नकाशा सुधारलेला असतो.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. इंदूरमध्ये बसून आपण तळहात पुढे केला तर त्यातून दर मिनिटाला शंभराच्या आसपास म्यूऑन जातात. हे म्यूऑन विश्वकिरण वरच्या हवेवर आदळल्याने तयार होतात. दीड किलोमीटर बर्फ त्यांतले बहुतेक अडवतो, तरीही आइसक्यूबमध्ये सेकंदाला सुमारे तीन हजार म्यूऑन रेघा काढत वरून खाली जातात. न्यूट्रिनोमुळे उमटलेल्या नोंदी काही मिनिटांतून एक, म्हणजे दहा लाख नोंदींमागे साधारण एक. आणि त्याही एकीचा न्यूट्रिनो बहुतेक वेळा दूरच्या दीर्घिकेतून आलेला नसतो, तो त्याच हवेत तयार झालेला असतो. म्हणजे चाळण्या दोन लागतात. पहिलीत म्यूऑन गाळायचे, दुसरीत हवेतले न्यूट्रिनो.

पहिल्या चाळणीचा जुना मार्ग खोलीचा आहे, आणि त्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, टाटा मूलभूत संशोधन संस्था, ओसाका आणि डरहॅम विद्यापीठे यांच्या गटाने हवेत तयार झालेल्या न्यूट्रिनोंच्या नोंदी मिळवल्या. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील एका सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइनेस यांच्या गटालाही त्या मिळाल्या. तिथे आडव्या दिशेने येणाऱ्या म्यूऑनवर भिस्त होती, कारण आडव्या दिशेत डोक्यावरच्या खडकाची जाडी अनेकपट होते आणि हवेतला म्यूऑन तेवढा पल्ला गाठू शकत नाही.

आइसक्यूबमध्ये हाच विचार टोकाला नेलेला आहे: खालून वर येणारी रेघ न्यूट्रिनोचीच असली पाहिजे, कारण संपूर्ण पृथ्वी भेदून येईल असा दुसरा ज्ञात कण नाही. संवेदकांची तोंडे खाली आहेत ती यासाठी, आणि दक्षिण ध्रुवावरची दुर्बीण मुख्यतः उत्तरेचे आकाश पाहते तीही यामुळे. इंदूरचे अक्षांश २२.७ अंश घेऊन साधी भूमिती मांडली तर असे निघते की इथल्या जमिनीत शिरून थेट ध्रुवावरच्या दुर्बिणीत पोहोचणारा न्यूट्रिनो आपल्या उत्तर क्षितिजापासून ५६ अंश उंचीवरून यायला हवा. सप्तर्षींमधला पुलह हा तारा आपल्या मध्यमंडलावर येतो तेव्हा जवळजवळ तिथेच असतो. त्या न्यूट्रिनोचा भूगर्भातला प्रवास सुमारे १०,६०० किलोमीटरांचा होईल आणि तो पृथ्वीच्या गाभ्याला जेमतेम चुकवून जाईल. १ टेराचा असेल तर त्याला या प्रवासाची जाणीवही होणार नाही. १०० टेराच्या न्यूट्रिनोंपैकी मात्र जवळपास निम्मेच पलीकडे निघतील, आणि १ पेटाच्या दहांतला एखादाच. पृथ्वी ही चाळणी उच्च ऊर्जेला भिंत बनते. म्हणून सर्वाधिक ऊर्जेच्या न्यूट्रिनोंसाठी क्षितिजालगतचा पट्टा सर्वांत सोयीचा असतो, जिथे म्यूऑन अडवण्यापुरते द्रव्य आहे आणि न्यूट्रिनो गिळण्याइतके नाही.

वरून येणाऱ्या न्यूट्रिनोंसाठी निराळी युक्ती लागली. शोधकाच्या बाहेरच्या थरांना पहारेकरी मानायचे, आणि ज्या नोंदीचा पहिला प्रकाश या थरात न दिसता थेट आत उमटला तीच ठेवायची. बाहेरून शिरणारा तेजस्वी म्यूऑन पहारा न ओलांडता आत येऊ शकत नाही. न्यूट्रिनो येऊ शकतो. या युक्तीचा आणखी एक लाभ असा की हवेत न्यूट्रिनो तयार होतो तेव्हा त्याच वर्षावात बहुधा म्यूऑनही तयार होतात आणि ते त्याच्या सोबतच येतात. तेव्हा पहारा हवेतल्या न्यूट्रिनोंचाही काही भाग गाळतो, म्हणजे दुसऱ्या चाळणीचे काम पहिलीच अंशतः करते.

दुसरी चाळणी ऊर्जेची. हवेतल्या न्यूट्रिनोंची संख्या वाढत्या ऊर्जेबरोबर फार झपाट्याने घटते, खगोलीय न्यूट्रिनोंची त्यामानाने सावकाश, आणि साधारण १०० टेराच्या पुढे खगोलीय वरचढ होतात. ऑगस्ट २०११ आणि जानेवारी २०१२ मध्ये दोन फुगे नोंदले गेले, दोन्ही १ पेटाच्या किंचित वर: १.०४ आणि १.१४. एकात सुमारे सत्तर हजार आणि दुसऱ्यात सुमारे शहाण्णव हजार प्रकाश-इलेक्ट्रॉन, म्हणजे फोटॉनमुळे नळ्यांत सुटलेले इलेक्ट्रॉन, मोजले गेले. गटातल्या मंडळींनी त्यांना लहान मुलांच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमातल्या बाहुल्यांची, बर्ट आणि अर्नी अशी नावे दिली, आणि ती गंभीर शोधनिबंधांच्या चर्चेतही टिकून राहिली. त्यानंतर मे २०१० ते मे २०१२ या काळातल्या नोंदींवर पहाऱ्याची युक्ती लावली तेव्हा अशा २८ नोंदी मिळाल्या. हवेतले म्यूऑन आणि न्यूट्रिनो मिळून अपेक्षित होत्या त्या दहा-अकरा. नोव्हेंबर २०१३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बारकाईने पाहा: त्या २८ पैकी कोणतीही एक नोंद घेऊन ‘ही नक्की खगोलीय’ असे म्हणता येत नाही. पुरावा संचाचा आहे. सुटी नोंद फक्त शक्यतेने बोलते, आणि अगदी मोठ्या ऊर्जेलाच ती शक्यता खात्रीच्या जवळ जाते.

एकेका नोंदीवरून भौतिकशास्त्राची खात्री पटावी असा प्रसंग क्वचितच येतो, पण तो ८ डिसेंबर २०१६ रोजी आला. भौतिकशास्त्रज्ञ शेल्डन ग्लाशो यांनी १९६० साली भाकीत केले होते की प्रतिन्यूट्रिनो, म्हणजे न्यूट्रिनोचा प्रतिकण, एका विशिष्ट ऊर्जेला इलेक्ट्रॉनवर आदळल्यास टक्कर होण्याची शक्यता अचानक उसळेल; आजच्या आकडेमोडीने ती ऊर्जा ६.३ पेटा येते. त्या दिवशीच्या फुग्याची मोजलेली ऊर्जा होती सुमारे ६.०५ पेटा, मोजमापाच्या मर्यादेत भाकिताशी जुळणारी.

दिशेचे काय? ५,१६० संवेदक बर्फात पुरल्यावर दुर्बीण बरोबर दिशेला पाहते आहे हे तपासायला आकाशात न्यूट्रिनोचा एखादा माहीत असलेला तेजस्वी तारा नव्हता. उपाय चंद्राने दिला. चंद्र आपल्या मागून येणारे विश्वकिरण अडवतो, तेव्हा त्याच्या दिशेने येणाऱ्या म्यूऑनमध्ये थोडी तूट पडते; ती तूट आइसक्यूबच्या नोंदींत चंद्राच्या खऱ्या जागीच सापडली. ज्या म्यूऑनना आपण कचरा म्हणून गाळतो त्यांचा मला सर्वांत आवडलेला उपयोग हाच.

आता दीर्घिकेचा प्रश्न. २२ सप्टेंबर २०१७ रोजी एक रेघ क्षितिजाच्या किंचित खालून आली. न्यूट्रिनोची अंदाजित ऊर्जा २९० टेरा. ४३ सेकंदांत जगभरच्या दुर्बिणींना आपोआप सूचना गेली, आणि काही दिवसांत फर्मी उपग्रहाच्या नोंदींतून दिसले की त्याच दिशेला टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लेझर गॅमा किरणांत भडकलेला आहे. ब्लेझर म्हणजे मध्यावरच्या महाकाय कृष्णविवराने नेमका आपल्याकडे रोखलेला झोत असलेली दीर्घिका. हा ब्लेझर मृग नक्षत्राच्या भागात आहे. हिवाळ्यात राऊच्या बाजूला शहराच्या उजेडापासून दूर गेलात तर मृग दिसेल, ब्लेझर अर्थातच नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. बातमी अशी पसरली की न्यूट्रिनोचे उगमस्थान सापडले. मूळ आकडे जरा संयमाचे आहेत: ती सुटी नोंद खगोलीय असण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के दिली गेली होती, आणि ब्लेझरचे भडकणे निव्वळ योगायोग नाही याची सांख्यिकीय खात्री तीन सिग्मांच्या घरात होती. सिग्मा म्हणजे योगायोगाने तसे घडणे किती दुर्मीळ आहे याचे माप; कणभौतिकीत शोध जाहीर करायला पाच लागतात. नंतर जुन्या नोंदी चाळल्यावर २०१४-१५ मध्ये त्याच दिशेने सुमारे तेरा न्यूट्रिनो जास्तीचे आल्याचे दिसले, पण त्या काळात ब्लेझर गॅमा किरणांत शांत होता, ही गोष्ट चित्र सोपे करत नाही.

माझ्या दृष्टीने अधिक भक्कम प्रकरण एनजीसी १०६८ या दीर्घिकेचे आहे. ती तिमिंगल तारकासमूहात सुमारे ४ कोटी ७० लाख प्रकाशवर्षांवर आहे, आणि खगोलीय विषुववृत्तावर असल्याने ध्रुवावरून नेमकी क्षितिजावर, म्हणजे सोयीच्या पट्ट्यात येते. २०११ ते २०२० या नऊ वर्षांत त्या दिशेने पार्श्वभूमीपेक्षा सुमारे ७९ न्यूट्रिनो अधिक आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ४.२ सिग्मांच्या खात्रीने ते जाहीर झाले. आकाशात एकशेदहा जागा तपासल्या तर त्यांतली एखादी निव्वळ योगायोगाने उठून दिसणारच. त्याचा दंड या आकड्यातून आधीच वजा केलेला आहे, आणि म्हणून मी त्याला वजन देतो. शिवाय त्याला भौतिक अर्थही लागतो. या दीर्घिकेतून उच्च ऊर्जेचे गॅमा किरण जवळजवळ येत नाहीत, म्हणजे न्यूट्रिनो कृष्णविवराच्या इतक्या जवळच्या दाट भागात तयार होत असावेत की सोबतचे गॅमा किरण तिथून बाहेरच पडू शकत नाहीत. पुढे जून २०२३ मध्ये आपल्या स्वतःच्या आकाशगंगेच्या पट्ट्यातून येणारे न्यूट्रिनो ४.५ सिग्मांनी दिसले, तेही रेघांतून नाही, फुग्यांतून. दिशा ढोबळ असली तरी पट्टा रुंद असल्याने तेवढे पुरले.

राहिला तिसरा प्रश्न. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी सिसिलीजवळ सुमारे ३,४५० मीटर खोल समुद्रतळावरच्या केएम३नेट प्रयोगाच्या अपुऱ्या बांधलेल्या शोधकातून एक जवळजवळ आडवा म्यूऑन गेला; त्याची ऊर्जा सुमारे १२० पेटा, आणि त्यावरून न्यूट्रिनोची अंदाजित ऊर्जा २२० पेटा. दोन वर्षांनी तो प्रसिद्ध झाला. नोंद चोख आहे, इतक्या ऊर्जेचा आडवा म्यूऑन हवेतून येणे शक्य नाही. अडचण दुसरीकडे आहे: असे न्यूट्रिनो सर्वत्र पुरेसे येत असते तर आकाराने पुष्कळ मोठ्या आणि कितीतरी अधिक वर्षे चाललेल्या आइसक्यूबला एखादा तरी मिळायला हवा होता, आणि मिळालेला नाही. केएम३नेटचे नशीब थोर असेल, किंवा उगम तात्पुरता असेल. एका नोंदीवरून निवाडा करता येत नाही. माध्यमाची तुलना करायची तर पाण्यात प्रकाश बर्फापेक्षा कमी विखुरतो, त्यामुळे समुद्रातल्या दुर्बिणीची दिशा अधिक नेमकी येऊ शकते. उलट समुद्राच्या मिठातले किरणोत्सारी पोटॅशियम आणि चमकणारे जीव सतत खोटा प्रकाश देत राहतात, आणि ध्रुवाचा बर्फ त्यामानाने काळोखा व शांत आहे. शिवाय ध्रुवावरची दुर्बीण उत्तरेचे आकाश चांगले पाहते, समुद्रातली दक्षिणेचे. मागे पडण्याचा प्रश्न म्हणूनच उद्भवत नाही. आइसक्यूबच्या मध्यभागी सात नव्या केबल दाटीने बसवण्याचे जे काम हाती घेतले गेले, त्याचा एक हेतू बर्फाचा नकाशा अधिक नेमका करणे हाच आहे, आणि त्याचा लाभ आधीच्या सगळ्या नोंदींना मिळेल.

आपल्याला यापुढच्या बातम्या स्वतः पारखायच्या असतील तर आइसक्यूबच्या तातडीच्या सूचना जाहीरपणे प्रसिद्ध होतात, त्या पाहाव्यात. प्रत्येकीत दोन आकडे असतात: नोंद खगोलीय असण्याची शक्यता, आणि दिशेच्या चुकीचे क्षेत्र. शक्यता निम्म्याच्या आसपास असेल आणि क्षेत्र काही चौरस अंशांचे असेल, तर त्या क्षेत्रात कोणती ना कोणती भडकलेली दीर्घिका सापडणे अवघड नसते. मग आधी विचारायचे ते असे की अशी जोडी केवळ योगायोगाने किती वेळा जुळली असती, आणि तो हिशेब लेखकांनी नोंद पाहण्यापूर्वी ठरवलेल्या नियमांनी केला आहे की नंतर.